रिकाम्या हातानं चालणाऱ्या नर्सबाई

वाठोरे नर्सबाई रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं फिरायला निघायच्या, आणि आमच्या गावाला त्याचाच राग होता.

आता वाचणाऱ्याला ही गंमत वाटेल. आज हिंगोलीत आमच्या गल्लीतून पहाटे पाचपासून माणसं चालतात, बायका चालतात, पांढरे बूट घालून हात हलवत. त्यांना कुणी अडवून विचारत नाही की बाई, कुठं निघालीस. पण मी सांगते ते दिवस बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती तेव्हाचे. सेनगावच्या अलीकडचं आमचं खेडं, जिल्हा तेव्हा परभणी. बाई उंबऱ्याबाहेर पडली की तिच्या डोक्यावर, कमरेवर नाहीतर हातात काहीतरी असायचंच. घागर, पाटी, विळा, भाकरीचं फडकं, आणि काहीच नसलं तर लेकरू. हातात काही नसलेली बाई दिसली तर ती एक तर भांडून माहेरी निघालेली, नाहीतर विहिरीत जीव द्यायला निघालेली, असं लोक धरून चालायचे.

नर्सबाई दोन्हीपैकी काहीच करायच्या नाहीत. ओढ्यापर्यंत जायच्या, थोडं बसायच्या, परत यायच्या.

"कुठं निघालीस, नर्सबाई?" पारावरचे म्हातारे विचारायचे.

"कुठंच न्हाई."

"मंग चालून काहून राहिली?"

"पाय हायेत म्हून."

यावर पारावर रोज नव्यानं चर्चा व्हायची. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांचं तर ठरलेलं मत होतं. सरकार हिला पगार चालायचा देतं का सुया टोचायचा, हे एकदा कुणीतरी सेनगावला जाऊन विचारून यावं.

दिसायला बाई काडीसारख्या. पांढरं लुगडं, निळा काठ, पायात रबरी चप्पल आणि तिच्या तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टीपिन. काखेत बाराही महिने छत्री. ती डोक्यावर उघडलेली मी क्वचितच पाहिली. छत्रीचं टोक त्यांच्या कामाचं होतं. त्यानं त्या वाटेतले बाभळीचे काटे बाजूला सारायच्या, दगड हलतो का बघायच्या, चिखल किती खोल आहे ते मोजायच्या. उपकेंद्राच्या दोन खोल्या गावाबाहेर होत्या, त्यातल्या एकीत त्या राहायच्या. घरचं आम्हाला फार ठाऊक नव्हतं. एक मुलगा औरंगाबादला शिकत होता आणि महिन्यातून एकदा त्याचं पत्र यायचं, एवढंच. आणि हेही लिहून टाकते, तेव्हा आम्ही त्यांना अगं-तुगं करायचो. आज लिहिताना आपोआप अहो-जाहो येतंय, ते त्या वेळी यायला हवं होतं.

त्यांच्याकडं पाच गावं होती आणि पाचही गावं त्या पायी करायच्या. गावाभोवतीच्या सगळ्या वाटा त्यांनी माणसांवरून वाटून ठेवल्या होत्या. मारुतीच्या देवळामागून मळ्याकडं जाते ती दम्याची वाट, कारण तिला चढ नाही आणि सावली आहे. पांदीच्या कडेची ती गरवारशीची, तिथं एकही बांध ओलांडावा लागत नाही. शाळेकडची लेकुरवाळीची, कारण मध्ये विहिरीचा जुना कट्टा आहे आणि कडेवरचं लेकरू खाली ठेवून दम खाता येतो. माळावर चढणारी एक खडकाळ पायवाट होती. ती कुणाची, म्हणून मी एकदा विचारलं.

"ती माजी," म्हणाल्या. "डोकं फिरलं की जाते तिकडं."

कुणाला चालायला न्यायचं असलं की आदल्या दिवशी त्या ती वाट एकट्या चालून यायच्या. कुठं बसता येईल ते आधी बघायच्या. बसायला जागा नसेल तर ती वाटच नाही, असं त्यांचं म्हणणं. चालणाऱ्याला पावलं मोजू द्यायच्या नाहीत. "पावलं मोजली की दमायला होतं. झाडं मोजा. झाड दिसतं तरी, आन त्याच्याखाली टेकता बी येतं."

माझ्या थोरल्या जाऊबाई राधाबाई, त्यांची आणि नर्सबाईंची गाठ कशी पडली ते सांगते. कारण या बाई मला आठवतात त्या राधाबाईंच्या पायापासूनच.

त्याच्या दीड वर्ष आधी राधाबाई बैलगाडीतून पडल्या होत्या. बैल उधळले, गाडी कलंडली, मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबी बांधून बसवलं, ते जुळलं पण पाय दोन बोटं आखूड झाला. तेव्हापासून त्या ओसरीच्या भिंतीला पाठ लावून बसल्या ते उठल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. बसल्या जागी डाळ निवडायच्या, वाती वळायच्या, माझी लेकरं सांभाळायच्या. न्हाणीपर्यंत जायलाही माझा खांदा लागायचा. आणि गाडीची अशी धास्ती घेतली होती की दारात गाडी जुंपली तरी अंगाला कापरं भरायचं.

त्यांची एकुलती एक लेक इंदू, पिंपरीला दिलेली. आमच्या गावाहून दीड कोस. मधे सडक नाही, एसटी नाही. जायचं तर गाडीनं नाहीतर पायी. इंदूला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही सातव्यात तिला आणायची तयारी करू लागलो, तर पिंपरीहून व्याह्यांचा निरोप आला. पोरीची आईच एका जागेवर बसून, तिथं बाळंतपण कोण करणार? होऊ द्या आमच्याकडंच.

खरं तर मी होते, आत्याबाई होत्या. पण त्यांना टोचायचं होतं आणि ते बरोबर लागलं. राधाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एकच बोलल्या, "पोरगी येत न्हाई तर मी जाईन. तिच्या बाळंतपणाला मी तिथं पायजे."

"कशी जाशील?" थोरल्या दिरांनी विचारलं. त्यांचं नाव किसनराव, बोलायला फार कमी. "गाडीत तर बसत न्हाईस. चौघं मिळून बाज उचलून नेऊ का?"

"चौघांच्या खांद्यावरून मेल्यावर न्या," राधाबाई म्हणाल्या. आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्याच आठवड्यात नर्सबाई माझ्या धाकट्याला टोचायला आल्या. ओसरीच्या कडेला बसल्या. मी चहा दिला. त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. चहा झाला की त्या स्वतःच तो विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. तो कप त्या गावातून जाईपर्यंत कोनाड्यातच राहिला. खोटं कशाला लिहू.

"पिंपरीला गेल्ती का?" राधाबाईंनी भिंतीपासून विचारलं.

"परवा गेल्ते. इंदू बरी हाय. वांत्या थांबल्या."

"माजं नाव काढती का?"

"काढती," नर्सबाई म्हणाल्या. मग कप खाली ठेवून त्यांनी राधाबाईंच्या पायाकडं बघितलं. तोंडाकडं नाही, पायाकडं. त्यांना ती खोडच होती. "किती महिने झाले उठून?"

"दीड वर्ष."

"हाड जुळलंय. दुखतं ते बसून दुखतंय. अजून तीन महिने हायेत पोरीला. उठता का?"

"कुठं जायला?"

"आज दारापोत्तर."

आत्याबाई आतून ओरडल्या, "ये नर्स, तिला पाडशील तर मग मी हाय आन तू हायेस."

"पडल्या तर माज्यावर पडतील," नर्सबाई म्हणाल्या. "मी काडी हाय, मोडले तर सरकार दुसरी धाडंल."

पहिल्या दिवशी दारापर्यंत. ओसरीपासून दार, बारा-पंधरा पावलं असतील. राधाबाईंनी एका हातानं माझा खांदा धरला, दुसऱ्यानं भिंत. दारात पोचल्यावर घामानं लुगडं भिजलं होतं. मला वाटलं आता म्हणतील, अजून थोडं चला. पण नर्सबाई म्हणाल्या, "बास. उद्या लिंबापोत्तर." आणि निघून गेल्या. हे त्यांचं नेहमीचं. माणूस अजून थोडं चालू शकतं तिथंच त्या थांबवायच्या. म्हणायच्या, पाय उपाशी ठेवावे लागतात थोडे, मग दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन मागतात.

दुसऱ्या दिवशी लिंबापर्यंत. आठवड्यानं मारुतीपर्यंत. मग दम्याची वाट. तिच्यावर आधीपासून चंद्रभागाबाई नावाची म्हातारी चालायची, तिला नर्सबाईंनीच लावलेलं. तांड्यावरची सोनीबाईही यायची. तिला काही दुखणं नव्हतं. ती म्हणायची, "मी नुसती बघाया येते. आमचे आजे-पणजे बैल घेऊन पार मुलूख चालले, पन पायाचं कौतिक तुमालाच." ती पुढं पळायची आणि नर्सबाई तिला माघारी बोलवायच्या. सगळ्यात हळू चालणारी पुढं, बाकीच्या मागं, हा नियम. राधाबाईंना आधी पुढं चालायची लाज वाटे. मग त्यात गंमत वाटायला लागली. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाच्या पुढं चाललेलं पाहिलं नव्हतं.

एकदा दम्याची वाट सोडून आम्ही तिघीच पिंपरीच्या रस्त्याला पहिल्यांदा लागलो. ऊन कलायला आलं होतं, तरी एका बांधापाशी राधाबाईंना गरगरलं. मी त्यांना खाली बसवलं. नर्सबाईंच्या गळ्यात कापडात शिवलेली पाण्याची बाटली असायची. त्यांनी ती पटकन पुढं केली आणि तेवढ्याच पटकन मागं घेतली.

"सुमन," मला म्हणाल्या, "त्या मळ्यातल्या विहिरीवरून आणतीस का पाणी?"

विहीर लांब होती. मी उठले. राधाबाईंनी माझं लुगडं धरलं आणि नर्सबाईंकडं हात केला. "आन इकडं," म्हणाल्या. बाटली तोंडाला लावून पाणी प्याल्या. मग बाटली माझ्याकडं दिली, मीही प्याले. जरा वेळानं राधाबाईंनी हळूच मला सांगितलं, "आत्याबाईला बोलू नको." एवढंच धाडस होतं आमचं.

त्याच बांधावर बसल्या-बसल्या राधाबाईंनी विचारलं, "नर्सबाई, तू पाची गावं पायीच करतीस. तुला बी गाडीची भीती वाटती का?"

"भीती वाटायला आधी बसावं लागतं," नर्सबाई म्हणाल्या. "शाळेला तीन कोस जायची मी. मागून गाड्या यायच्या, रिकाम्या. थांबवली न्हाई कुणी." मग छत्रीनं समोरचं बोराचं झाड दाखवलं. "चला, त्याच्याखाली सावली हाय."

आम्ही दोघी उठलो आणि बोरीकडं निघालो.

आता त्या घागरींचं सांगते, त्याशिवाय आमचं गाव कळणार नाही.

देवळापर्यंत जायला बायकांना काही वाटत नव्हतं. पण पिंपरीच्या वाटेवर, शिवारात, चार बायका रिकाम्या हातानं? लोक विचारत होते, केस करायला नेऊन राहिली का ही नर्स तुमाला? त्या काळी नर्स म्हटलं की लोकांना आधी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनच आठवायचं. म्हणून आम्ही आपसांत ठरवलं की प्रत्येकीनं कमरेवर घागर घ्यायची. घागर असली की कुणी विचारत नाही. राधाबाईंनी लहान कळशी घेतली. नर्सबाईंनी आम्हाला बघितलं आणि छत्री जमिनीवर टेकवून उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"लोकं इचारतात," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"आन घागर बघून इचारत न्हाईत?"

"न्हाई."

"बरं," म्हणाल्या. "पन रिकामीच ठेवा. भरून आनाल तर मी घरी जाते."

त्या दिवशी पहिल्यांदा आंब्यापर्यंत जायचं होतं. पिंपरीच्या वाटेवर अर्ध्यात एक जुना आंबा होता. चैत्राचा महिना, गावच्या आडाला तळ लागलेला. बहात्तरच्या सालात आमच्या गावाला एक सवय लागली होती, बरं का. कुणी घागर घेऊन नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेला निघालं की समजायचं, तिकडं पाणी लागलंय, आणि न विचारता मागं निघायचं. विचारत बसलं की घागर भरायची राहायची. ती सवय दुष्काळ गेला तरी गेली नव्हती, आणि आमच्यापैकी एकीच्याही हे ध्यानात आलं नाही.

आम्ही आंब्याखाली टेकलो. राधाबाईंचा चेहरा लाल झाला होता, पण हसत होत्या. तेवढ्यात सोनीबाई मागं बघून म्हणाली, "आगे माय."

सगळं गाव येत होतं. बायका घागरी घेऊन, पोरं डबे घेऊन, एकजण पोहरा आणि दोर खांद्यावर टाकून. त्यांच्या मागं पाण्याची टाकी घातलेली एक बैलगाडी, आणि ती हाकत होते आमचे थोरले दीर.

"कुठंय पानी?" पुढचा धापा टाकत म्हणाला.

आम्ही सगळ्या नर्सबाईंकडं बघायला लागलो. काहीतरी थाप मारता आली असती. पण त्या सरळ म्हणाल्या, "पानी न्हाई. आमी फिरून राहिलो."

"फिरून म्हंजे?"

"म्हंजे हितवर आलो, आता माघारी जाणार."

"आन घागरी?"

"घागरी तुमच्यासाठी घेतल्या. तुमी रिकाम्या हाताला नावं ठेवता म्हून."

मग पारावरचा एक म्हातारा मटकन खाली बसला. "पोरीनो," म्हणाला, "माजा गुडघा दोन वर्सं झाली ओढ्याच्या पल्याड गेला न्हवता. आज आंबा बघितला मी." आणि हसायला लागला. मग सगळेच हसले. काहींनी शिव्या दिल्या, पण बसूनच. अर्धं गाव त्या आंब्याखाली टेकलं.

थोरले दीर मात्र गाडीवरून उतरले नव्हते. ते राधाबाईंकडं बघत होते. त्यांना वाटत होतं बायको मारुतीपर्यंत जाते. पाऊण कोसावर, उघड्या शिवारात ती आपल्या पायावर उभी आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. गाडी मागंच ठेवून ते खाली उतरले, चालत आले, राधाबाईंच्या कमरेवरची कळशी काढून घेतली आणि परत गाडीकडं गेले. दुसऱ्या दिवशीपासून कुणीच घागर नेली नाही. आणि आम्हाला वाटेवर काटे सापडायचे बंद झाले. नर्सबाई म्हणाल्या, मी नाही साफ केले. मग कुणी केले ते आम्ही समजलो.

पुढं आम्ही पळसापर्यंत गेलो, म्हणजे एक कोस. त्याच्यापुढं नेण्याआधीच दिवस संपले. मृगाला आठ-दहा दिवस होते, इंदूचेही अजून दिवस भरायचे होते. सकाळी पिंपरीहून एकजण सायकल मारत उपकेंद्राकडं गेला. इंदूला रात्रीपासून कळा होत्या, पण सुटका होत नव्हती, आणि तिथल्या सुईणीनं हात टेकले होते. नर्सबाई पिशवी घेऊन सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसल्या आणि आमच्या दारात उतरल्या.

"मी पुढं जाते," राधाबाईंना म्हणाल्या. "तुमी या."

राधाबाईंचे ओठ पांढरे पडले होते. "मी? आज? मी पळसाच्या पुढं गेले न्हाई."

"सुमन हाय संगं."

"आन येळंवर न्हाई पोचले तर?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पोचाल हो. नर्सबाई जरा थांबल्या. "न पोचल्या तर मी हाय तिथं," म्हणाल्या. "पोचल्या तर पोरीला बळ येईल. निघा. आन घाई करू नका. आज घाई मला हाय, तुमाला न्हाई." सायकल निघाली.

थोरल्या दिरांनी गाडी जुंपली होती. राधाबाई गाडीपाशी गेल्या. साटीवर हात ठेवला. लगेच काढून घेतला. "चालते मी," म्हणाल्या.

मग आम्ही दोघी पुढं आणि मागं पन्नास-साठ पावलांवर रिकामी गाडी, असे निघालो. दीर बैलांना आवरून-आवरून चालवत होते. बैलांनासुद्धा एवढं हळू चालायची सवय नव्हती, त्यांच्या घुंगरांचा आवाज तुटक-तुटक येत होता. लिंब, मारुती, बांधावरची बोर. बोरीखाली टेकलो नाही. आंब्याखाली टेकलो. राधाबाई एकदाच बोलल्या, "इंदू व्हायच्या टायमाला बी असंच आडलं होतं. मला बी रातभर." पळसापाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पळसाच्या पुढची वाट मला माहीत नव्हती असं नाही, पण चालणाऱ्याच्या डोळ्यानं मी ती पाहिली नव्हती. पिंपरीच्या अलीकडं ओढा आहे. कोरडा होता, पण पात्रभर रेती. रेतीत आखूड पाय रुतायला लागला. चार पावलं टाकली आणि राधाबाई खाली बसल्या. पलीकडं पिंपरीची घरं दिसत होती.

"होत न्हाई ग," म्हणाल्या. "सुमे, मला आता होत न्हाई. तू जा."

मी आजूबाजूला पाहिलं. झाड नाही, मोजायला काही नाही. मागं काठावर गाडी थांबली. दीर उतरून रेतीत आले. त्या काळी आमच्याकडं चारचौघांत नवरा बायकोला हात लावत नसे, आणि इथं मी धाकटी भावजय समोर. ते राधाबाईंच्या पुढं येऊन पाठमोरे उभे राहिले. डोक्याचा पटका सोडला आणि त्याचं एक टोक मागं टाकलं.

"धर," म्हणाले.

राधाबाईंनी टोक धरलं. एका बाजूनं मी, पुढून पटका. ते एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे, पटका ताणला की कळायचं त्यांना. मागं एकदाही वळून पाहिलं नाही. तो ओढा ओलांडायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी सारा वेळ खाली रेतीकडं बघत होते.

पिंपरीच्या घरात शिरलो तर अंगणात बायका गप्प बसलेल्या. आतून काहीच आवाज नाही. नर्सबाई बाहेर आल्या, हात कोपरापर्यंत ओले. राधाबाई ओसरीला टेकायला गेल्या.

"बसू नका," नर्सबाई म्हणाल्या. "बसल्या तर उठणार न्हाईत. तशाच आत या. पोर दमली, जोर लावायला तयार न्हाई. तुमी बोला तिच्याशी."

दार लोटलं गेलं. राधाबाईंचा आवाज आला, "इंदे, मी आले ग." आणि इंदू पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आता सांगते, ते रडणं ऐकून मला एवढं हलकं वाटलं की मी अंगणात भिंतीला धरून उभी राहिले. दुपार कलायच्या आत पोरगी झाली. लहानखुरी होती, पण आवाज मोठा. इंदूही बरी होती.

व्याहीण बाहेर आली आणि राधाबाईंच्या पायाकडं बघून म्हणाली, "गाडी लांब लावली का काय?"

"गाडी ओढ्याच्या पल्याडच हाय," राधाबाई म्हणाल्या. "तिला कुनी आनलं तर बघा."

नर्सबाई तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं, गाढ झोपलेल्या. त्यांना बसल्या जागी झोपलेलं मी तेवढंच पाहिलं. कुणी उठवलं नाही. व्याहीण चहा घेऊन आली आणि तो गार होईपर्यंत हातात धरून उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, कळमनुरीच्या बाजूला. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी, ती थोरल्या दिरांनी गाडीत घातली. दिरांनी त्यांनाही म्हटलं, बसा गाडीत. नर्सबाई क्षणभर थांबल्या, मग बसल्या. फाट्यापर्यंत अर्धा कोस त्या आमच्या गाडीत बसून गेल्या, पाय खाली सोडून, लहान मुलीसारख्या इकडंतिकडं बघत. राधाबाई गाडीत बसल्या नाहीत. त्या आणि मी मागून चालत गेलो, माहेरपणाला आलेल्या इंदूची पोर राधाबाईंच्या कडेवर.

एसटी आली. ट्रंक टपावर चढली. नर्सबाईंना खिडकीची जागा मिळाली. त्यांनी हात हलवला नाही. एसटी सुटायच्या आधी आम्हीच परत फिरलो, कारण राधाबाईंना डोळ्यांत पाणी दाखवायचं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली होती आणि त्या राधाबाईंच्या पायाकडं बघत होत्या. पाऊल कसं पडतंय, कंबर किती लचकते.

राधाबाईंना न बघताच ते कळलं असावं. त्यांनी नात माझ्याकडं दिली, पदर खोचला आणि मला न धरता, ताठ, एकसारख्या चालायला लागल्या. त्यांना इतकं चांगलं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागं इंजिन घरघरलं, एसटी हलली, वळणावरून तिचा आवाज कमी-कमी होत गेला.

"गेली का?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"गेली."

"दिसत न्हाई ना आता?"

"न्हाई."

"मग खांदा दे ग," म्हणाल्या. "लई दुखून राहिलं."